जिन्यातला दिवा

ग्रंथपालांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं, आणि शेवटी समोरच्या कागदाची घडी घालून ती उशीच्या अभ्र्यात सरकवली. अभ्र्यात अशा पाच-सहा घड्या आधीपासून होत्या. प्रत्येकीवर 'चि. खारूस अनेक आशीर्वाद' इथपर्यंत अक्षर वळणदार होतं. त्यापुढे खाडाखोड, आणि खाडाखोडीपुढे कोरा कागद. नातीचं पत्र येऊन बरेच दिवस उलटले होते. आता ते पाठ झालं होतं, आणि पाठ झालेल्या पत्राला उत्तर देणं जास्तच अवघड जातं.

"उशीत कागद वाजतात," स्वयंपाकघरातून आजी म्हणाली. "तुम्ही कूस बदललीत की वाटतं, उंदीर शिरला."

"हं," ग्रंथपाल म्हणाले.

नात दूरच्या शहरात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. लहानपणी खिळे, स्क्रू, तुटकी बटणं, जे सापडेल ते ती खिशात साठवायची. म्हणून तिचं नाव खारू पडलं, आणि पडलं ते पडलंच. तिने चौकटीच्या वहीचं पान फाडून लिहिलं होतं:

'आजोबा, फोनवर तुम्ही हं आणि बरं यांच्या पुढे जात नाही, म्हणून पत्र. यंदा आमच्या सरांनी फर्मान काढलंय, प्रकल्पात प्रोग्रॅम भरायची चिप चालणार नाही. आत्तापर्यंत मुलं तयार बोर्ड विकत आणायची, कुणाचा तरी प्रोग्रॅम त्यात उतरवायची आणि मार्क घेऊन मोकळी व्हायची. आता जे करायचं ते साध्या सुट्या भागांतून, आणि कुठला भाग तिथे का बसवला ते तोंडाने सांगायचं. वर्गात नुसता गोंधळ आहे. माझी जोडीदार म्हणते, बाजारातून जुळवलेला संच आणू, वर झाकण लावू, झालं. मला तसं नको. मला सगळं कळेल असं काहीतरी हवंय. विषय महिनाअखेरीस द्यायचा आहे. नाही सुचला तर तिचा संच. तुम्ही तर सगळे प्रकल्प वाचलेत. एक सांगा. एकच.'

शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

सगळे वाचलेत, हे खोटं नव्हतं. ग्रंथपालांचा जन्म तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयात गेला. दरवर्षी परीक्षा संपल्या की मुलांच्या प्रकल्पांचे अहवाल काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यात बांधून यायचे, आणि मागच्या कपाटात जाऊन बसायचे. ते कुणी मागत नसे. एखादी गोष्ट कुणीच वाचत नाही हे ग्रंथपालांना सहन व्हायचं नाही, म्हणून दुपारच्या शुकशुकाटात ते एकेक काढून वाचत. कुठल्या वर्षी कुणी कुणाचं उतरवलं हेसुद्धा त्यांना कळायचं. टाकी भरली की ओरडणारी घंटा तर इतक्यांदा आली होती की एकदा अनुक्रमणिकेत मागच्या वर्षीच्या मुलाचं नावही तसंच आलं होतं.

पण वाचणं वेगळं. त्यांनी स्वतः आयुष्यात फ्यूजची तारसुद्धा बदलली नव्हती. आपण सांगू ते चाललंच नाही तर? पोरगी परीक्षकांपुढे उभी राहणार आणि तिच्या पुढ्यात आजोबांचा मुका डबा. या विचाराशी आलं की पेनचं टोपण आपोआप बंद व्हायचं.

आजी हात पुसत बाहेर आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"माझ्या वडिलांनी तुम्हाला पत्र घातलं होतं. मुलगी पसंत आहे का म्हणून."

"हं."

"उत्तर कुणी दिलं?"

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "दादाने."

"दादाभावजींनी. तुम्ही चार महिने कागदच शोधत होतात. आता भावजी नाहीत. खारूला कोण कळवणार?"

"चुकीचं सांगितलं तर तिचं वर्ष जाईल."

"आणि काहीच नाही सांगितलं तर?" आजी उठली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात. तुमचं उलटंच. ब्रह्मज्ञान पोटात, आणि लोकांना सांगायला तोंड नाही."

त्या दिवशी ग्रंथपालांनी प्रकल्प ठरवला. ठरवला म्हणण्यापेक्षा तो पायाखाली आला. संध्याकाळी बाहेरून घरी येताना अंधाऱ्या जिन्यात त्यांचा पाय चुकला. जिन्यातला दिवा लावायचा कुणी, यावर खालचे शिंपीकाका आणि वरचं बिऱ्हाड यांचं वाकडं होतं. त्यामुळे दिवा एक तर दिवसभर जळायचा, नाहीतर संध्याकाळभर विझलेला असायचा. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा. हा प्रकल्प काळ्या पुठ्ठ्यांत सात वेळा होता. सातही जणांच्या शेवटच्या पानावर 'प्रकल्प यशस्वीरीत्या कार्यान्वित झाला' असं लिहिलेलं होतं. सात जण कसे चुकतील? तरीही लिहिण्याआधी एकदा आपल्या हाताने बांधून बघायचा, असं त्यांनी मनाशी घेतलं.

सुट्या भागांचं दुकान एका बोळात होतं. इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत गेलं की दुकानदाराला बाहेर यायला वाट नाही. ग्रंथपालांनी चिठ्ठी पुढे केली.

"नातवाचा प्रकल्प?" दुकानदाराने विचारलं.

"नातीचा."

"मग नातीला पाठवा की, आजोबा. नाहीतर मार्क तुम्हाला पडतील." त्याने डबे खडखडवले. "एक चिप टाका, चार ओळींचा प्रोग्रॅम. हे सगळं लचांड कशाला?"

"चिप चालत नाही. त्यांच्या सरांनी मनाई केलीय."

"सर शहाणे आहेत की विक्षिप्त?"

ग्रंथपालांनी यावर मनापासून विचार केला. "बहुतेक दोन्ही."

दुकानदार हसला आणि त्याने काउंटरवर एकेक भाग मांडला. ट्रान्झिस्टर. त्याच्या इशाऱ्यावर 'टक्' करून दिव्याची वाट जोडणारा किंवा तोडणारा रिले. बॅटरी, छोटा बल्ब, तारा खोचायची भोकाभोकांची पांढरी पट्टी. शेवटी शर्टाच्या बटणाएवढी एक चकती, वर नागमोडी रेघ असलेली.

"आणि हा डोळा. उजेड असला की वीज जाऊ देतो, अंधारात अडवतो. सगळी करामत याची."

दोन दिवस जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही. आजी ताट मांडीवर घेऊन बसली आणि बोलली नाही, हे विशेष. ग्रंथपालांनी पुस्तकातली आकृती समोर उभी करून एकेक तार खोचली, तीन वेळा तपासली, बॅटरी जोडली. काही झालं नाही. सगळं उपसून पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्या दिवशी ते बिस्किटांच्या डब्यात सगळा संसार घालून बोळात गेले.

दुकानदाराने एक नजर टाकली. "ट्रान्झिस्टरचे पाय उलटे घातलेत. कुठलं पुस्तक बघितलंत?"

ग्रंथपालांनी नाव सांगितलं, आवृत्तीसकट.

"मग बरोबर आहे. त्या जुन्या पुस्तकांत ट्रान्झिस्टरची आकृती खालून बघितल्यासारखी काढायचे. तुम्ही तो वरून बघितला. वाचणाऱ्यांचीच ही चूक होते, आजोबा. न वाचणारे विचारून घालतात."

ग्रंथपालांचे कान तापले. पण घरी येऊन पाय फिरवले, दुपारच्या लख्ख उजेडात डोळ्यावर तळहात धरला, आणि रिले 'टक्' वाजून बल्ब लागला. हात काढला, विझला. धरला, लागला. त्यांनी हे किती वेळा केलं कुणास ठाऊक. आजी दारात उभी राहून बघत होती ते त्यांना कळलंही नाही.

"चालला?"

"चालला," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी पुन्हा हात धरून दाखवला.

त्या दुपारी पहिल्यांदा पत्र 'आशीर्वादा'च्या पुढे गेलं. आकृती काढली, भागांची नावं लिहिली, आणि शेवटी, सवयीने म्हणा, लिहिलं: 'प्रकल्प यशस्वी झाला आहे. बिनधास्त घे.' पाकीट चिकटवणार इतक्यात आजी म्हणाली, "आधी जिन्यात तरी लावा. दोन महिने झाले, चाचपडत चढतेय मी."

दिवे लागायच्या वेळेला त्यांनी ती पट्टी जिन्यातल्या कोनाड्यात ठेवली आणि ते पायरीवर बसले. उजेड हळूहळू भिंतीवरून उतरला. कठडा काळा झाला. रिले 'टक्' वाजला, बल्ब लागला, आणि ग्रंथपालांनी टाळी वाजवायला हात उचलले, तोच तो विझला. लागला. विझला. टक्, टक्, टक्, टक्. सगळा जिना डोळे मिचकावायला लागला.

खालून शिंपीकाकांचं डोकं वर आलं. "ग्रंथपाल, वीज कडाडतेय का काय?"

"नाही. दिवा आहे."

"मग त्याला ठरवायला सांगा, लागायचंय की नाही ते."

ग्रंथपाल वर आले आणि त्यांनी ते पाकीट उभं फाडलं. कापडी खुर्चीत बसून राहिले. उघड्या दारातून टक्, टक्, टक् येत होतं, पण बंद करायला उठावंसं वाटेना. थोडक्यात वाचलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या वाचण्याचंही त्यांना वाईट वाटलं. निदान पोरीला उत्तर तरी गेलं असतं. आता परत कोरा कागद.

तेवढ्यात फोन वाजला. आजीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा करून टेबलावर ठेवला.

"आजी, आजोबांना सांग, राहू दे," खारूचा आवाज आला. आवाज हसरा होता, पण बेताचा. "महिना संपत आला. माझी जोडीदार उद्या तो संच आणायला जातेय. ठीक आहे. तोही काही वाईट नाही. दारात कुणी आलं की वाजतो."

"अगं, पण तुला नको होता ना?"

"नको होता. पण माझ्याकडे दुसरं काय आहे? तिला किती दिवस थांबवू?" मग ती थबकली. "आजी, मागे टकटक काय चाललंय?"

"तुझे आजोबा."

"म्हणजे?"

"जिन्यात दिवा बांधलाय. तुझ्यासाठी. घरादाराचा जीव खाल्ला, आता जिन्याचा खातोय."

"फोन तिकडे ने ना. जवळ धर."

आजी फोन घेऊन जिन्यात गेली. ग्रंथपालही मागोमाग दारापर्यंत गेले. टक्, टक्, टक्. नात ऐकत होती.

"आजोबा, हे तुम्ही स्वतः केलंत?"

"हं."

"बिघडलंय?"

ग्रंथपालांनी दिव्याकडे बघितलं. 'हं' ओठांवर आलं होतं. "बिघडलंय," ते म्हणाले. "दुपारी चालत होतं."

"दुपारी चालत होतं आणि रात्री बिघडलं? अंधारात लागणारा दिवा अंधारातच बिघडला?" ती हसायला लागली. मग हसता हसता थांबली. "थांबा, थांबा. का पण?"

"ते... लिहितो."

"आजोबा! पत्र पोचेपर्यंत..."

"पोचेल. उद्या टाकतो."

आजीने फोन धरलेला हात जरा खाली आणला आणि नवऱ्याकडे नीट बघून घेतलं.

"मग जोडीदाराला थांबवू मी?" खारूने विचारलं. "खरं सांगा. तिला थांबवलं आणि काहीच आलं नाही तर ती पुन्हा माझ्याबरोबर काम करायची नाही."

टक्, टक्, टक्.

"थांबव," ग्रंथपाल म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते पायरीवर बसले. काय कबूल करून बसलो आपण? नीट चालणारं काहीच हातात नाही. त्यांनी पुढे वाकून डोळ्यावर तळहात ठेवला, पुन्हा एकदा, दुपारसारखा. टकटक थांबली. बल्ब संथ जळत राहिला. हात काढला की पुन्हा मिचकावणं. ठेवला की संथ.

त्यांनी हात तसाच ठेवला.

काळ्या पुठ्ठ्यांतली सात छायाचित्रं त्यांना एकामागून एक दिसायला लागली. टेबल, टेबलावर पट्टी, पेटलेला बल्ब, आणि प्रत्येक छायाचित्रात, अगदी प्रत्येकात, एक तळहात. कुणाच्या मनगटावर घड्याळ, कुणाच्या बोटाला शाई. सात मुलांपैकी एकानेही दिवा अंधारात नेला नव्हता. तळहाताने अंधार केला होता, आणि त्याच तळहाताने बल्बचा उजेडही डोळ्यापासून अडवला होता. एरवी बल्ब लागला की डोळ्याला वाटायचं, उजाडलं. मग तो विझायचा. विझला की पुन्हा रात्र. हे सातांपैकी कुणाला माहीत नव्हतं, आणि वाचणाऱ्यालाही नव्हतं, कारण वाचणाराही टेबलाशीच बसलेला होता.

"जेवायचं नाही का?" आजीने वरून विचारलं.

"आलो," ग्रंथपाल म्हणाले, आणि हसले. एकटेच, जिन्यात.

सकाळी चहा व्हायच्या आत पत्र लिहून झालं होतं. आजीने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं, कारण तिला मनात वाचलेलं पटत नसे.

"'चि. खारूस अनेक आशीर्वाद. हा दिवा मी बांधला. तो नीट चालत नाही. अंधार पडला की लागतो, लागला की आपलाच उजेड बघून विझतो. आमच्या ग्रंथालयात हा सात वेळा यशस्वी झालेला आहे, सातही वेळा दिवसाउजेडी, तळहाताखाली. तू तो खऱ्या अंधारात बांध. आधी मिचकावू दे. किती वेळाने मिचकावतो, बल्ब लांब नेला तर काय होतं, जवळ आणला तर काय होतं, ते बघ आणि लिही. मग त्याला थांबव. विषयाचं नाव, तुला पटलं तर: अंधारात लागणारा दिवा अंधारात का टिकत नाही.'" आजी थांबली. "चालत नाही असं सरळ लिहिलंत?"

"हं."

"हा घेऊन ती परीक्षेला उभी राहणार?"

"का चालत नाही ते तिला येईल. कुठला भाग कशासाठी आहे ते आपोआप येईल. सरांना तेच तर हवंय." एवढं बोलून त्यांना स्वतःलाच धाप लागल्यासारखं झालं.

"आणि थांबवायचा कसा, ते कुठेय?"

"दोन उपाय आहेत."

"मग लिहा की!"

"लिहिले होते." टेबलाखालच्या टोपलीत चार तुकडे पडले होते. आजीने वाकून बघितलं. एका तुकड्यावर सुरेख आकृती होती, पट्टीने काढलेली. "ते पाठवलं तर दिवा माझा होईल," ग्रंथपाल म्हणाले. "एकच उपाय पाठवणार होतो. पण मग... नको."

"आणि तिला नाही सुचलं तर?"

ग्रंथपालांनी कपातला चहा ढवळला. त्यात साखर घातलेली नव्हती. "सुचेल," ते म्हणाले, आणि मग, खात्री नसलेल्या माणसासारखे, "नाही सुचलं तर पत्र येईल तिचं."

आजीने पत्राची घडी घातली. टोपलीतले तुकडे मात्र तिने उचलून ओट्यावरच्या डब्याखाली ठेवले, आणि ग्रंथपालांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

टपाल कचेरीत खिडकीशी रांग होती. ग्रंथपालांचा नंबर आला तेव्हा कारकुनाने पाकीट हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं.

"आत काय आहे? टणक लागतंय."

"डोळा."

कारकुनाने मान वर केली. मागचा माणूसही जरा पुढे सरकला.

"दिव्याचा," ग्रंथपाल घाईने म्हणाले. "कापसात गुंडाळलाय. म्हणजे असं असतं बघा, त्याच्यावर उजेड पडला की तो वीज जाऊ देतो, आणि अंधारात... आता समजा इथे दिवा आहे..." त्यांनी काउंटरवर डाव्या हाताची मूठ ठेवली आणि उजव्या हाताचं बोट तिच्यासमोर उभं केलं. "हा लागला. आणि यानेच बघितलं."

"मग?" कारकून म्हणाला.

"मग विझला."

"आणि विझला की पुन्हा लागणार," मागचा माणूस म्हणाला.

"पुन्हा लागणार!" ग्रंथपाल त्याच्याकडे वळून म्हणाले.

"थांबवायचा कसा मग?"

"ते माझी नात सांगणार आहे."

रांगेच्या शेवटून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, आम्हालाही घरी जायचंय हो!" ग्रंथपालांनी खाली मान घातली आणि दोन्ही हात मागे घेतले. "परवापर्यंत पोचेल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"परवा दुपारी. आजची गाडी मिळेल." कारकुनाने शिक्का उचलला, मग थांबला. पाकीट बोटांनी चाचपून कापसाची जागा बाजूला केली, आणि कोपऱ्यात, तिकिटावर, शिक्का अलगद टेकवला. पाकीट मागच्या पिशवीत गेलं. शिपायाने पिशवीचं तोंड आवळलं, खांद्यावर टाकली, आणि तो मागच्या दाराने गाडीकडे निघाला.